गाऱ्हाण्यातला भाडेकरार

तांडेलांनी आयुष्यात कुणाशीही कागदावर भाडेकरार केला नाही. नवा भाडेकरू सामान घेऊन आला, की ते चपला काढायचे, डोक्यावर पंचा घ्यायचे आणि खोलीच्या उंबऱ्यावर नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचे. कोकणातल्या माणसाला गाऱ्हाणं म्हणजे काय हे सांगायला नको. घाटावरच्यांसाठी सांगतो, कारण मीही घाटावरचाच. कुठल्याही कामाला हात घालण्याआधी देवाला मोठ्यानं सगळी हकिगत सांगायची, काय हवं ते मागायचं, आणि प्रत्येक मागणीनंतर जमलेल्यांनी ‘होय म्हाराजा’ म्हणायचं. तांडेलांनी खोलीचे सगळे नियम ह्या गाऱ्हाण्यात बसवले होते, आणि ‘होय’ म्हणून बसलेला मुलगा पुढं नियम मोडायला जरा कचरायचा.

मला ते पहिल्याच दिवशी अनुभवायला मिळालं. प्रवेशयादीत माझा नंबर रत्नागिरीला लागला होता, आणि सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या गावातून वडील मला पोचवायला आले होते. वडील शाळामास्तर, तेव्हा लेखी असल्याशिवाय त्यांचा कशावर विश्वास बसत नसे. त्यांनी विचारलं, “करार कधी करायचा?” तांडेल म्हणाले, “आत्ताच करतो की. तुमी वायच हितं उभं ऱ्हावा.” शेजारच्या खोल्यांतली पोरं सवयीनं बाहेर येऊन मागं उभी राहिली.

“बा देवा म्हाराजा, सोलापुराकडचं हे लेकरू आज तुझ्या कातळावर ऱ्हायला आलंय, त्याला सांभाळून घे रे म्हाराजा.”

“होय म्हाराजा.”

“एप्रिल-मेत हिरीचं पाणी जपून वापरायची त्याला बुद्धी दे रे म्हाराजा.”

“होय म्हाराजा.”

“नळ उघडा टाकून तो कॉलेजात निघालाच, तर त्याचा पाय ह्याच उंबऱ्यात अडकू दे रे म्हाराजा.”

“होय म्हाराजा.”

“आणि त्याचं शिक्षण पुरं होईस्तवर ही खोली त्याची, भाडं आज ठरलं तेच. ह्यात मी काय बदल केला तर तू मला बघून घे रे म्हाराजा.”

ह्या शेवटच्या वाक्याला सर्वांत मोठ्यानं ‘होय म्हाराजा’ म्हणाले ते माझे वडील. स्टँडवर जाताना ते म्हणाले, “स्टँपपेपरवर कुणी स्वतःच्या विरुद्ध असं लिहून देत नाही रे.” माझी काळजी त्यांनी त्या दिवशी सोडली ती सोडलीच.

तांडेल म्हणजे बोटीवरचा मुख्य माणूस, समुद्रात ज्याच्या शब्दावर बोट चालते तो. त्यांचं खरं नाव गणपत होतं, पण ते नाव मी फक्त विजेच्या बिलावर वाचलं. मिरकरवाड्यात त्यांचं घर होतं, दारात उभं राहिलं की बंदर दिसायचं. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा त्यांनी बोटीतला आपला हिस्सा विकला. बंदरावरच्या प्रत्येकानं सल्ला दिला. कुणी म्हणालं दुसऱ्या बोटीत घाला, कुणी म्हणालं आंब्याची कलमं करारानं घ्या, कुणी म्हणालं बँकेत ठेवा आणि स्वस्थ बसा. तांडेलांनी कॉलेजच्या मागच्या कातळावर जागा घेतली, जिथं पावसाळा सरला की गवतसुद्धा उभं राहत नाही, आणि तिथं ओळीनं आठ खोल्या बांधल्या.

हा निर्णय लोकांना वाटला तसा झटक्यात झाला नव्हता. त्याआधीचा अख्खा जून महिना तांडेल कॉलेजसमोरच्या चहाच्या टपरीवर बसून होते. बापाबरोबर, मामाबरोबर हातात पिशव्या घेऊन खोली शोधत फिरणारी पोरं ते नुसती बघत होते. “मासळी कुठं हाय ते आदी बघायचं, मग जाळं टाकायचं,” ते मला सांगायचे. “आंब्याला मोहर येईल, नाय येईल. बांगडा लागेल, नाय लागेल. पण जून आला की पोरां येणारच, आणि त्यांना डोकं टेकायला जागा लागणारच. ह्याच्यापेक्षा खात्रीचं पीक मला दाखव.” पुढं मी कॉलेजात शिकवायला लागलो, गुंतवणुकीवरची चार व्याख्यानंही ऐकली. त्यांतल्या एकाही वक्त्यानं टपरीवर महिनाभर बसून बघा असं सांगितलं नाही.

काकींना मात्र हे पीक पटलं नव्हतं. काकी म्हणजे तांडेलांची बायको. त्या बाजारात मासळी विकायच्या आणि त्यांच्या जिभेला सुरीइतकीच धार होती. “लोकां समुद्रातलं काढून किनाऱ्यावर आणतात,” त्या गिऱ्हाइकांना ऐकवायच्या, “आमच्या ह्यांनी किनाऱ्यावरचं उचलून कातळावर टाकलं.” पण भाड्याची आठवण करून देणं तांडेलांना कधी जमलं नाही, ते काम काकींनीच अंगावर घेतलं. महिन्याच्या सुरुवातीला त्या बाजारातून परस्पर वर यायच्या आणि ओट्यावर मासळीची पाटी उतरवून ठेवायच्या. तोंडानं काही बोलायची गरज नसायची. त्या पाटीचा वास प्रत्येक खोलीत पोचायचा.

खोल्या बांधताना तांडेलांनी खिडक्यांवरून गवंड्याशी भांडण केलं होतं. गवंड्यानं रीतीप्रमाणं खिडक्या रस्त्याच्या बाजूला ठेवल्या, तर ह्यांनी त्या फोडून पश्चिमेला काढायला लावल्या, वाऱ्याच्या तोंडावर. “पोरगा घामाघूम झाला की अभ्यास करत नाय, फिरायला जातो,” असं त्यांचं म्हणणं. पण कपडे वाळत घालायला जागा ठेवायची हे ते साफ विसरले. जन्म समुद्रावर गेलेल्या माणसाला ओले कपडे ही अडचण वाटतच नव्हती. आम्ही पावसाळ्यात तक्रार केली तेव्हा म्हणाले, “कापड अंगावर वाळतं रे, त्याला जागा कशाला लागते?” शेवटी त्यांनी जाळ्याचे जुने दोर आणून प्रत्येक खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत अशा गाठी मारून बांधले, की पुढं ते कुणालाच सोडवता आले नाहीत. चार महिने आम्ही ओल्या पँटींखाली बसून अभ्यास केला.

संध्याकाळी स्कूटरवरून ते वर यायचे. मार्क किती पडले हे त्यांनी कधी विचारलं नाही. “जेवलास काय?” आणि “हंगाम कसा चाललाय?” एवढंच विचारायचे. शिक्षणाच्या वर्षाला ते हंगामच म्हणत, आणि गाऱ्हाण्यातली ती शेवटची अटही त्या हंगामातूनच आली होती. मासेमारीचा हंगाम सुरू होताना बोटीवर खलाशी कामाला ठेवतात. एकदा एखाद्याला बोटीवर घेतला, की तो आजारी पडो, आळशी निघो, हंगाम संपेपर्यंत त्याला उतरवायचा नाही आणि ठरलेल्यात काटछाट करायची नाही, हा त्यांच्या बोटीचा रिवाज. तोच त्यांनी कातळावर आणला. फक्त एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नाही. बोटीचा हंगाम पाऊस आला की आपोआप थांबतो. विद्यार्थ्याचा कुणी थांबवावा?

हा प्रश्न पहिल्यांदा उभा राहिला तो दिगंबरच्या रूपानं. दिगंबर सांगलीकडचा, माझ्याच वर्षी आलेला, शेवटच्या खोलीत राहणारा. त्यानं बी.एस्सी. केलं, मग एम.एस्सी. केलं, मग बी.एड. केलं आणि मग स्पर्धापरीक्षेला बसला. मी शिकलो, नोकरीला लागलो, लग्न करून त्याच गावात बिऱ्हाड थाटलं, आणि दिगंबर अजून शिकतच होता. त्याचं भाडं पहिल्या वर्षी ठरलं तेवढंच. तांडेल कधीमधी नुसते हसायचे, “आमच्या हंगामाला पाऊस तरी येतो, ह्याच्या हंगामाला पाऊसच नाय.” काकी मात्र स्पष्ट बोलायच्या, “हा पोरगा शिकून संपायचा नाय. आपण संपू.”

दिगंबर लबाड असता तर गोष्ट सोपी होती. पण तो पहाटे उठून खरंच अभ्यास करायचा. दर वेळी पूर्वपरीक्षेत पास व्हायचा आणि मुख्य परीक्षेत थोडक्यात हुकायचा. विहिरीवरचा पंप बिघडला की तोच दुरुस्त करायचा, नव्या पोरांची गणितं तोच सोडवून द्यायचा. भाडं वाढवून घ्या असं त्यानं दोनतीनदा स्वतःहून म्हटलं, तेव्हा तांडेलांनी त्याला झटकून टाकलं, “तुझ्याशी बोललो असतो तर तुझ्याशी बदललं असतं. मी बोललो देवाशी.”

मग चिपळुणात पाणी भरलं. तांडेलांचा मुलगा महेश समुद्राच्या वाटेला गेला नव्हता, चिपळूणच्या बाजारपेठेत त्यानं शालेय सामानाचं आणि झेरॉक्सचं दुकान टाकलं होतं. वाशिष्ठीचं पाणी शटरच्या वरपर्यंत गेलं. पाणी ओसरल्यावर मी तांडेलांबरोबर तिथं गेलो होतो. वह्यांच्या गठ्ठ्यांचा लगदा झाला होता आणि झेरॉक्सच्या मशीनमधून महेश हातानं चिखल काढत होता. तांडेल एका बाजूला उभे राहून बघत होते. परत येताना गाडीत ते म्हणाले, “समुद्रानं माझं काय नेलं नाय. नदीनं माझ्या पोराचं नेलं.” त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता.

वर्षभर महेशनं दुसऱ्याच्या दुकानात एका कोपऱ्यात टेबल टाकून कसंबसं काढलं. मे महिन्यात त्याला एक बिल्डर भेटला. कातळावरच्या जागेवर त्याला चार मजली हॉस्टेल बांधायचं होतं, एसी खोल्या, खाली मेस. जागेचा भाव तो चांगला देत होता. अट एकच, खोल्या रिकाम्या करून हव्यात. योगायोग असा की त्या वर्षी बाकीच्या सगळ्या पोरांची शिक्षणं पुरी झाली होती, ती आपापल्या गावी गेली होती. राहिला होता एकटा दिगंबर.

मी त्या रविवारी ओट्यावरच होतो. महेश बापासमोर बसून शांतपणे बोलत होता.

“बाबा, त्याच्याकडं कागद हाय काय?”

“नाय.”

“मग अडचण काय हाय?”

“कागद नाय हीच अडचण हाय,” तांडेल म्हणाले. “कागद असता तर अकरा महिन्यांनी संपला असता. मी देवाला मुदत घातली नाय.”

महेश वाईट मुलगा नव्हता हे मला इथं मुद्दाम सांगायचं आहे. दोन मुली, शाळेच्या फिया आणि नखांत वर्षभर राहिलेला तो चिखल, एवढं सगळं घेऊन तो आला होता. शेवटच्या खोलीचं दार उघडंच होतं. दिगंबर बाहेर आला आणि म्हणाला, “महेशदादा, मी जातो. मला कुठंही खोली मिळेल.” तांडेलांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. “बंदरावर उतरून गेलेले खलाशी मी पाहिलेत,” ते म्हणाले, “मधी समुद्रात उतरलेला एक पण पाहिला नाय. जा, अभ्यास कर.”

शेवटी महेशनंच तोड काढली, आणि ती बिनतोड होती. शब्द देवाला दिलाय ना, मग देवाकडूनच सोडवून घेऊ. तांडेलांना हे पटलं. त्यांच्या डोळ्यांतला भार उतरल्यासारखा मला दिसला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गावदेवाच्या देवळात गेलो, तांडेल, काकी, महेश आणि गाडी चालवायला मी. गुरवानं दिवा सारखा केला. तांडेलांनी नारळ ठेवला, डोक्यावर पंचा घेतला आणि सुरुवात केली.

त्यांनी देवाला सगळं सांगितलं. दुकान सांगितलं, चिखल सांगितला, नातींची नावं घेऊन त्यांची शाळा सांगितली. दर वाक्याला आम्ही ‘होय म्हाराजा’ म्हणत होतो, महेशचा आवाज सगळ्यांत वर. “मी तुझ्यासमोर एका पोराला शब्द दिला होता,” तांडेल म्हणाले, “त्या शब्दातून मला...” आणि ते थांबले. थांबले ते इतका वेळ, की गुरवानं डोळे उघडून पाहिलं.

“त्या शब्दावर मला टिकव रे म्हाराजा,” तांडेल म्हणाले. “आणि माझ्या पोराला दुसरी वाट दाखव रे म्हाराजा.”

काकी महेशकडे बघत होत्या, गुरव महेशकडे बघत होता. मी खाली फरशीकडे बघत होतो, कारण त्या क्षणी त्याच्या तोंडाकडे बघणं मला बरं वाटेना. तांडेल हात जोडून तसेच उभे. उत्तर आल्याशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही.

“होय म्हाराजा,” महेश म्हणाला. सगळ्यांना नीट ऐकू आलं.

दुसरी वाट काकींनी दाखवली, आणि तीही देवळाच्या पायऱ्या उतरता उतरता. “मिरकरवाड्यातलं घर हाय की,” त्या म्हणाल्या. “बंदराच्या तोंडावरचं. त्याला गिऱ्हाईक बारा महिने हाय.” तांडेल एक पायरी खाली होते. त्यांनी वळून बायकोकडे पाहिलं. ज्या बाईनं कातळावरच्या खोल्यांना वर्षानुवर्षं नावं ठेवली, ती आता तिथं राहायला जायचं म्हणत होती. “तिथं वास येतो म्हणून तुज्या पाटीला पोरां नावं ठेवतात,” ते एवढंच म्हणाले. “ठेवूदेत,” काकी म्हणाल्या.

घर विकलं गेलं. महेशचं दुकान पुन्हा उभं राहिलं, ह्या वेळी सगळ्या फळ्या उंचावर मारून. तांडेल आणि काकी कातळावरच्या पहिल्या खोलीत राहायला आले. कपाट दिगंबरनं आणि मी चढवलं. डोक्यावर तेच दोर होते, आणि आता त्यांवर काकींची लुगडी वाळू लागली. तिथं तांडेलांना झोप लागेना. जन्मभर समुद्राच्या ज्या आवाजात झोपले तो कातळावर पोचत नव्हता. मग त्यांनी पंखा मोठा करून झोपायची सवय लावून घेतली, अगदी थंडीतसुद्धा. काकी गोधडीतून पंख्याच्या आणि नवऱ्याच्या नावानं बोटं मोडायच्या.

त्या वर्षीही दिगंबर हुकला. तो ओट्यावर बसला होता तेव्हा तांडेल त्याच्याशेजारी येऊन बसले. “जाळं रिकामं आलं म्हणून कोण बोट विकत नाय,” ते म्हणाले. मग त्यांना आठवलं असावं. “मी इकली, ती गुडघ्यामुळं.” दिगंबरला रडता रडता हसू आलं. मला विचाराल तर त्या पोराला घेऊन बसलेल्या ह्या माणसाइतका श्रीमंत गुंतवणूकदार मी पाहिलेला नाही. तांडेल मला फार आवडायचे, आणि हे मी त्यांना कधी सांगितलं नाही, कारण अशा माणसांना आपण फक्त ‘जेवलात काय?’ एवढंच विचारतो.

नारळी पौर्णिमेच्या आधी, बोटी समुद्रात जायची तयारी चाललेली असताना, तांडेल एका सकाळी उठलेच नाहीत. खांदा द्यायला बंदरावरची माणसं वर आली, आणि कुठून कुठून जुने भाडेकरू आले. त्यांत एक तहसीलदार होता, दोन मास्तर होते, एक परदेशातून नुकताच परतलेला होता. त्यांच्यापैकी बऱ्याच जणांची एकमेकांशी ओळख नव्हती. ओळख करून घेताना ते आपलं नाव सांगायच्या आधी खोलीचा नंबर सांगत होते.

तेराव्याला मी गेलो तेव्हा बाकीचे पांगले होते. बिल्डरचा माणूस सकाळीच येऊन महेशला भेटून गेल्याचं मला काकींनी सांगितलं होतं. जागा आता महेशची आणि काकींची. दिगंबरच्या खोलीचं दार उघडं होतं. पुस्तकं सुतळीनं बांधून झाली होती, गादी गुंडाळलेली होती, ट्रंकेला कुलूप लागलं होतं. महेश दारात उभा होता.

“उद्या पहिल्या गाडीनं निघतो, महेशदादा,” दिगंबर म्हणाला. “शब्द तांडेलांचा होता. तो त्यांच्याबरोबर गेला. तुम्ही त्यात अडकू नका, खरंच.”

महेशनं त्या ट्रंकेकडे बघितलं. बापासारखाच खालचा ओठ दाबून.

“देवळात मागितलं बाबांनी,” तो म्हणाला, “पण होय मी बोललो. बाबा गेले. मी हाय अजून.”

मग त्यानं वाकून ती ट्रंक खाटेखाली ढकलली आणि पहिल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, “आये, दिगूचं पण पान मांड.”